डावा हात मोकळा

आमच्या घरात त्या वाद्याला कुणी वाद्य म्हणत नसे. दादा, म्हणजे माझे वडील, त्याला ‘मशीन’ म्हणत आणि माय म्हणे ‘अंकलचं टेबल’. त्याचं खरं नाव पेडल स्टील गिटार, हे मला ठाऊक होतं. पण ते नाव घरात उच्चारायची माझी छाती नव्हती, कारण गिटार म्हटलं की वाजवणं आलं, आणि वाजवणं आमच्या घरात वर्ज्य होतं. चार बारीक पायांवर उभी केलेली लांबट लाकडी पेटी, तिच्यावर दहा तारा, पोटाखाली लोखंडी गजांचं जाळं, जमिनीलगत तीन पायपट्ट्या आणि गुडघ्यांनी ढकलायचे चार खटके. माणूस तिच्यापुढे खुर्ची घेऊन बसतो. उजव्या हाताच्या तीन बोटांत नखं घालून तारा छेडायच्या, डाव्या हातातली पोलादी कांडी तारांवर टेकवून सरकवायची, आणि पायपट्टी दाबली की तार आतल्या आत ताणली जाऊन सूर वर चढतो. शिवणयंत्राचं आणि बाजाच्या पेटीचं लग्न लावून द्यावं, तसा प्रकार. यात कांडी महत्त्वाची. ती नसेल तर हे वाद्य मुकं, असं सगळे धरून चालतात. मी ते तीन वर्षं कांडीवाचूनच वाजवलं, आणि त्याला वाजवणं म्हणायचं नाही, असा आम्हा बापलेकीचा न बोललेला करार होता.

आम्ही राहायचो सिकंदराबादेत, रेल्वेच्या क्वार्टरांत. दादा वर्कशॉपमध्ये फिटर. गंगाखेडकडचं खेडं सोडून ते ऐन तरुणपणी इकडे आले आणि पुन्हा गावाचं नाव त्यांनी फारसं काढलं नाही. दोघी थोरल्या बहिणी लग्न होऊन नांदेडला गेल्या होत्या, तेव्हा घरात आम्ही तिघंच. क्वार्टरं जोडीजोडीने बांधलेली, दोन घरांत एक भिंत. सकाळी वर्कशॉपचा भोंगा झाला की अख्खी लाइन एकदम जागी व्हायची, सायकलींच्या घंट्या, नळावरच्या तेलुगू बायकांची बोलणी आणि त्यात मायच्या भाकरी थापण्याचा आवाज. माय भाकरी थापायची ती शेजाऱ्याला मोजता यावी इतक्या जोरात. येसराची आमटी, ठेचा, कांदा, आणि दादांच्या डब्यात वरून एक उकडलेलं अंडं. आता माझी नात म्हणते, आज्जी, तू रोज ज्वारी खायचीस म्हणजे डाएटवर होतीस का. मी हो म्हणते. सगळंच समजावत बसलं तर जेवण निवतं.

भिंतीपलीकडे मेल्विन अंकल आणि डोरीन आंटी. अंकल मेल गाडीचे ड्रायव्हर होते आणि निवृत्त झाल्यावरही म्हातारं जोडपं म्हणून क्वार्टर त्यांच्याकडे कसंबसं राहू दिलेलं होतं. दोन मुलगे ऑस्ट्रेलियाला गेलेले. हे वाद्य अंकलच्या भावाने जहाजावर असताना आणून दिलेलं, आणि अंकल रोज संध्याकाळी ते वाजवायचे. त्या कांडीने सूर एकातून दुसऱ्यात घसरत जायचे, रडवेले, लांबलेले. पहिल्या पहिल्यांदा माय म्हणे, “ह्या माणसाला कुठं दुखतंय का काय?” पुढे तिला त्याची सवय झाली, इतकी की अंकल तापाने पडले त्या आठवड्यात तीच चार वेळा विचारून आली. साडेसहाला आमच्या घरी त्रिशरण-पंचशील व्हायचं. त्या दहा मिनिटांत अंकल वाजवणं थांबवायचे. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. भिंतीतून ऐकून त्यांनीच ते ठरवलं होतं, आणि आमचं ‘साधु, साधु, साधु’ झालं की पुन्हा सुरू करायचे. दादांच्या मनात ही गोष्ट फार खोल गेली असावी. कारण आपणहून कुणाच्या दारात न जाणारा हा माणूस, एकदा त्या मशीनचा गज वाकला असं कळल्यावर, हत्यारांची पिशवी घेऊन स्वतः गेला आणि दोन तास त्याच्याखाली पाठीवर झोपून राहिला. तेव्हापासून त्याचं तेलपाणी दादांकडे.

अंकल गेले तेव्हा मी नववीत होते. आंटीने त्यांना काळा कोट घातला, आणि शवपेटी बंद करण्याआधी ती पोलादी कांडी त्यांच्या डाव्या हातात दिली. बोटं मिटत नव्हती तर तिने रुमालाने बांधली. पाद्रीबाबा काहीतरी बोलले, पण तिने त्यांच्याकडे पाहिलंही नाही. महिन्याभराने तिने दोन गड्यांकरवी ते वाद्य आणि रेडिओएवढा त्याचा अॅम्प्लिफायर आमच्या घरी आणून ठेवला. “ये किसन का है,” ती दादांचं नाव घेऊन मायला म्हणाली. “इसका अंदर का सब किसन जानता.”

मला तर आभाळ ठेंगणं झालं. विहारातल्या पेटीवर मी सारेगम ओळखायला शिकले होते आणि मला आता फक्त एक कांडी हवी होती. दादांसाठी ते अर्ध्या तासाचं काम. लेथवर फिरवायची, टोक गोल करायचं, घासून आणायची. मी मागितली तेव्हा ते जेवत होते. त्यांनी घास खाली ठेवला.

“कांडी आली की बोलावणं येईल,” ते म्हणाले. “ते मशीन हाय. चालतं ठेवायचं. बास.”

त्याचा अर्थ मला कळला नाही, आणि विचारायची सोय नव्हती. दादा रागीट नव्हते. ओरडणारा बाप असता तर भांडता तरी आलं असतं. ते नुसते गप्प होत आणि मग घर गप्प होई. पण यंत्र नुसतं उभं राहिलं तर गंजतं, हेही त्यांच्यातल्या फिटरला बघवेना. म्हणून दर रविवारी तपासणी ठरली. ते खाली झोपून गजांना तेल द्यायचे आणि मी खुर्चीत बसून सांगतील ती तार छेडायची, सांगतील ती पट्टी दाबायची. “पाचवी. दाब. सोड. पुन्यांदा दाब.” सूर पुरता चढला की खालून ‘हं’ यायचं. त्यांना सारेगम येत नव्हतं, पण तार जिथे थांबायला हवी तिथून केसभर मागे राहिली तरी त्यांना कळायचं. गज किती ओढला गेला हे ते कानाने मोजत. असा कान मी पुढे कुणाचाच पाहिला नाही.

त्या तपासणीतून मला हळूहळू एक गोष्ट सापडली. तारा मोकळ्या सोडल्या तरी त्यांत सा, रे, ग, प आणि नी होतेच. मधली पट्टी दाबली की ग चढून म व्हायचा. डावीकडची दाबली की प चढून ध. म्हणजे सातच्या सात सूर कांडीशिवाय तिथे हजर होते, फक्त त्यातले दोन माझ्या डाव्या पायात होते. शिवाय पट्टी हळू दाबली तर प वरून ध वर जाताना सूर वळायचा, अंकलच्या कांडीसारखा लांबवर नाही, पण दोन पावलं तरी. मोकळ्या डाव्या हाताचं काय करायचं हा प्रश्न होता. तो मी तारांवर अलगद ठेवायला लागले, मागचा सूर पुढच्यात मिसळू नये म्हणून. जे गाणं फार फिरतं ते यात बसत नसे. सिनेमातली बहुतेक गाणी दोन ओळींत अडकून पडायची. विहारातल्या गाण्यांची अर्धी अर्धी बसायची. एकच चाल पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत पुरती बसली, ती मायच्या पाळण्याची. आम्हा तिघी बहिणींच्या वेळी मायनेच रचलेला पाळणा. पाचच सूर, आणि त्यात प वरून ध वर जाणारं ते वळण, जिथे माय बाळाचं नाव घ्यायची.

रविवारची तपासणी मग बुधवारीही होऊ लागली. पुढे रोज. दादा कामावरून आले की मी म्हणायची, दादा, तिसरी तार जरा उतरल्यासारखी वाटते. ते म्हणायचे, तपास. आणि कुलकर्ण्याच्या हिशेबासारखी ती तपासणी तासभर चालायची. ते बाजेवर पडून डोळे मिटून ऐकत. माय आतून म्हणायची, “लईच बिघडतंय बाई हे टेबल.” दादा हसू दाबत. कांडी नाही, म्हणजे हे वाजवणं नाही, ही सबब त्यांनाही हवी होती आणि मलाही. एवढी सुखाची तीन वर्षं मला पुन्हा मिळाली नाहीत, लग्नानंतर नाहीत आणि नोकरीतही नाहीत. हे माझ्या नवऱ्यासमोर बोलले असते तर ते रुसले असते. आता ते नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

आंटी भिंतीपलीकडून ऐकत होती. दर रविवारी दुपारी ती चहाला यायची. येताना पिवळा भात आणि खिम्याच्या गोळ्यांची आमटी आणायची, आणि जाताना माय तिच्या डब्यात भाकरी आणि ठेचा घालायची. डबा कधी रिकामा गेला नाही, कधी रिकामा आला नाही. मला ती सुजाताची सुझी करून हाक मारायची. पण मशीनबद्दल ती चकार शब्द काढत नसे. मला वाटायचं, अंकलच्या आठवणीने तिला ते सोसत नसेल.

मी बारावीत होते तेव्हा तिच्या छातीचं दुखणं बळावलं. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नव्हती आणि ही गोष्ट तिने भाजीचा भाव सांगावा तशी आम्हाला सांगितली. एका रविवारी चहा झाला, कप खाली ठेवला आणि ती दादांना म्हणाली की तिला एक मागायचं आहे. ती गेली की तिची पेटी घरातून निघेल. त्या वेळी सुझीने ती धून वाजवावी, जी ती रोज वाजवते. मेल्विन कांडीने वाजवायचा तसली गाणी तिला तेव्हा नको होती. तिला ही हवी होती, भिंतीतून येणारी, थांबत थांबत येणारी.

मी मायकडे पाहिलं. मायचा हात तोंडाशी गेला होता. ती मला मराठीत म्हणाली, “तिला सांग बाई, पाळणा हाय तो. आल्याला म्हणतात. गेल्याला न्हाई.” मी ते आंटीला सांगितलं. आंटीला ते ठाऊक नव्हतं. ती आपल्या हातांकडे बघत म्हणाली, “तो क्या हुआ. हम भी तो सोने को ही जाएगा.”

मला वाटलं दादा नेहमीसारखे गप्प होतील. पण त्या दिवशी ते बोलले, आपल्या दख्खनी हिंदीत, आंटीकडे बघून, आणि मी ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. त्यांच्या वडिलांच्या गळ्यात डफडं असायचं. गावकीचं काम. गावात कुणाचं लग्न निघो की मयत, पुढे डफडं हवं, आणि बोलावणं आलं की उठायचं. दादा सात वर्षांचे असताना त्यांच्या धाकट्या बहिणीला, शेवंताला, तीन दिवस ताप होता. चौथ्या दिवशी सकाळी आजोबांनी कुणाचीतरी बैलगाडी ठरवली होती, तिला गंगाखेडला दवाखान्यात न्यायला. गाडी दारात उभी होती. तेवढ्यात पाटलाची आई गेल्याचं कळलं आणि माणूस बोलवायला आला. आजोबांनी हात जोडून लेकराकडे बोट दाखवलं. माणूस म्हणाला, वाजवून ये अन् जा. तिरडी उठायला दुपार झाली, पाहुणे यायचे होते. आजोबा तिथे उन्हात उभे राहून वाजवत राहिले. घरी परतले तेव्हा शेवंता गेलेली होती. त्यांच्या उपरण्यात वाजवल्याची भाकर आणि गुळाचा खडा होता.

“मैं भूका था बाई,” दादा म्हणाले. “वो भाकर मैं खाया.”

बाहेर शंटिंगचं इंजिन चाललं होतं, त्याचा आवाज दूर गेल्यावर त्यांनी पुढचं सांगितलं. दीक्षेनंतर आजोबांनी ते डफडं नदीत टाकलं आणि पोरांकडून शपथ घेतली की आपल्या घरातलं कुणी कुणाच्या मयतीपुढे वाजवणार नाही. हे सांगताना दादांचा आवाज साधा झाला होता, रजेचा अर्ज वाचून दाखवावा तसा. तीन वर्षं मी ज्याला लबाडी समजून हसत होते ती या माणसाने कशावर पाय देऊन मला करू दिली होती, हे मला तेव्हा कळलं, आणि मला स्वतःची लाज वाटली.

आंटी म्हणाली, “किसन, हम हुकूम नहीं देता. हम पूछता है. तुम ना बोल सकता.”

दादांनी तिच्याकडे पाहिलं. मग म्हणाले, “तो मेरा ना है, बाई.”

“ठीक है,” आंटी म्हणाली, आणि तिने मायकडे अर्धा कप चहा आणखी मागितला.

त्यानंतरचे आठ दिवस दादा बेचैन होते. कामावरून आले की चप्पल काढायच्या आधी आंटीच्या दाराकडे बघायचे. कशाची वाट बघत होते ते त्यांनी सांगितलं नाही, पण मला आता वाटतं, नाही म्हटल्यावर काय होतं हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं होतं आणि तेच ते बघत होते. डबा येणार नाही, ओळख तुटेल, कुणीतरी येऊन काहीतरी सुनावेल. रविवार उजाडला. आंटी भिंत धरून धरून, डबा घेऊन चहाला आली. पायऱ्या चढताना दम लागला म्हणून तिने दादांच्या खांद्यावर हात टेकला आणि नेहमीसारखं वर्कशॉपच्या नव्या साहेबाबद्दल विचारलं. दादा तिच्या प्रश्नाला उत्तर देताना दोनदा अडखळले. ती गेल्यावर ते मोरीत जाऊन बराच वेळ तोंड धूत होते. त्या दिवशी संध्याकाळी तपासणी झाली नाही, आणि पुढेही कितीतरी दिवस मी मशीनकडे गेले नाही. पाळणा वाजवला तर तिला मागितल्याची आठवण करून दिल्यासारखं होईल आणि दादांना नाही म्हटल्याची. पण एका सकाळी आंटीने भिंतीवर बोटाने टकटक केली. मी गेले तर ती म्हणाली, घर बहोत चुप है. म्हणून मग मी पुन्हा सुरू केलं.

नाताळच्या आधी तिने कलकल तळले, मैद्याचे शिंपल्यासारखे गोड गोळे. मायने बसून मदत केली. नव्या वर्षाचा पहिला पंधरवडा सरला आणि एका पहाटे दूधवाल्याला दार उघडलं गेलं नाही. दादांनी आणि वर्कशॉपच्या दोघांनी कडी उचकटली. ती झोपेतच गेली होती. मुलांना तार गेली, पण त्यांना येणं जमणार नव्हतं. सकाळीच चर्चची माणसं आली, पेटी आली, आणि दुपारी दोनला निघायचं ठरलं.

साधारण अकरा वाजता दादा घरात आले आणि माझ्यासमोर बाजेवर बसले. त्यांचे डोळे लाल होते. ते म्हणाले, “सुजे, म्या तिला नाही म्हटलं व्हतं.” मी मान हलवली. “तिनं ते ऐकून घेतलं. अन् परत आली, चहा प्यायला. माझ्या बापाला कुणी एवढं दिलं असतं तर...” मग म्हणाले, “आता मला वाटतंय, व्हावं. पण वाजवणार तू. तुझं तू सांग. नाही म्हटलीस तरी चालंल.”

मी ताबडतोब हो म्हटलं असं लिहायला बरं दिसलं असतं. मी तसं म्हटलं नाही. मला भीती वाटत होती. सगळी वसाहत बघणार, चर्चचे लोक बघणार, कांडीशिवाय बसलेली ही पोर बघून हसतील. आणि शेवंता डोळ्यांपुढून जात नव्हती, जिला मी कधी पाहिलं नव्हतं. दादा वाट बघत बसले. त्यांनी घाई केली नाही, समजूत घातली नाही. मी कितीतरी वेळाने म्हटलं, वाजवते. ते उठले आणि पान्हा घेऊन मशीनखाली शिरले.

मशीन व्हरांड्यात मांडलं, खिडकीतून वायर बाहेर घेतली. मी नखं घातली, एक तार छेडली, मधली पट्टी दाबली, आणि म लागेना. व्हरांड्याची फरशी पाण्याच्या उतारासाठी एका बाजूला कललेली होती. तिथे मशीनचा एक पाय अधांतरी राहत होता आणि पट्टी पुरती खाली जायच्या आत फरशीला टेकत होती. घरातल्या सपाट जमिनीवर तीन वर्षांत हे कधी झालंच नव्हतं. दादा तोवर पलीकडच्या घरात पेटीजवळ गेले होते. चौघांत त्यांचा खांदा होता. मी मागे वळले तर माय. हातात दुमडलेलं गोणपाट. पाळण्याचं तिला पटलेलं नाही हे मला माहीत होतं. ती खाली बसली, गोणपाट त्या पायाखाली सारलं, आणि पाय हलू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून तिथेच बसून राहिली. मी पट्टी दाबली. म लागला.

पेटी बाहेर आली तेव्हा मी सुरुवात केली. अॅम्प्लिफायरचा आवाज फार नव्हता. लाइनीतले सगळे लोक दारांत उभे होते. मी कुणाकडे बघितलं नाही, तारांकडे बघत राहिले, डावा हात त्यांच्यावर ठेवून. प वरून ध वर जायची वेळ आली तेव्हा मी डाव्या पायाची पट्टी जितकी हळू दाबता येईल तितकी हळू दाबली. आणि तिथे, जिथे बाळाचं नाव घ्यायचं असतं, मायने खालून, माझ्या गुडघ्याजवळून, डोरीन म्हटलं. ती गात होती. कधीपासून गात होती ते मला कळलं नाही. पहिलं कडवं, दुसरं, आणि प्रत्येक कडव्यात त्या जागी ते नाव, तिच्या गंगाखेडी उच्चारात. पेटी आमच्यासमोरून गेली. दादा पुढच्या उजव्या कोपऱ्याला होते. त्यांनी आमच्याकडे पाहिलं नाही, पाऊल मात्र चालीवर पडत होतं. लाइनीच्या टोकाला पेटी चर्चच्या गाडीत चढली, गाडी वळून दिसेनाशी झाली, तरी मी वाजवत होते. शेवटी मायनेच माझ्या पायावर हात ठेवला.

पुढे शिकलेल्या लोकांना मी हा किस्सा सांगितला तेव्हा एक-दोघांनी विचारलं की म्हणजे नेमकी काय शैली होती ती. माझ्या भाच्याने फोनवर दूरदेशीचे लोक दाखवले, मोठाले वादक, जे गंमत म्हणून कांडी बाजूला ठेवून नुसत्या पायपट्ट्यांवर चाली वाजवतात. फार सफाईने वाजवतात. मी बघितलं आणि मला बरं वाटलं, एवढंच. ती शैली होती हे मला ठाऊक नव्हतं.

त्या संध्याकाळी शेजारच्या रत्नम्मांनी भात आणि पप्पू, म्हणजे त्यांच्याकडचं वरण, आणून ठेवला. का आणला हे माझ्या लक्षात आलं नाही. भूक लागली होती, मी जेवले. दादा आणि माय नुसतं पाणी पिऊन झोपले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चच्या कमिटीतले एक गृहस्थ आले. सभ्य, वयस्क, टाय लावलेले. त्यांनी दारातूनच कालच्या संगीताबद्दल चांगले शब्द सांगितले आणि खिशातून एक पांढरं पाकीट काढलं. वाजवणाऱ्याला काहीतरी देण्याचा चर्चचा दस्तूर आहे, म्हणाले, बेटी के लिए. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. मी दादांकडे पाहिलं. दादा त्या पाकिटाकडे बघत होते. हात पुढे आला नाही, मागेही गेला नाही. रागावतील असं मला वाटलं होतं, पण ते रागावले नाहीत.

“साब,” ते म्हणाले, “बुलावे पे नै बजाई मेरी बेटी. घर की मौत थी. घर के मय्यत का कोई लेता क्या?”

ते गृहस्थ ओशाळले. पाकीट खिशात गेलं. दादांनी खुर्ची पुढे ओढली, हाताने पुसली.

“बैठो, साब. पन चाय नै पूछता मैं. मय्यत के घर में चूल्हा नै जलता.”

मी आत पाहिलं. माय शेगडीजवळ भिंतीला टेकून बसली होती. शेगडीत परवाची राख तशीच होती.